खोक्यावरचं नाव

दोस्तांनो, पुढच्या वेळी गावात वरात निघाली की एक काम करा. नवरदेवाकडे बघू नका. नाचणाऱ्या काकांकडे तर मुळीच नको, ते दरवर्षी तेच नाचतात. बेंजोच्या गाडीकडे बघा.

कर्जत-खालापूरकडच्या वाचकांना बेंजो पार्टी म्हणजे काय ते सांगायला नको. हळद असो, वरात असो की गणपतीची मिरवणूक, बेंजो वाजल्याशिवाय मजा नाही. गाडीवर जनरेटर धडधडत असतो, वर कर्णे बांधलेले असतात, आणि मध्येच कुठेतरी बटणांचं एक खोकं असतं. सगळ्या वायरी त्याच्यात शिरतात आणि त्याच्यातूनच बाहेर पडतात. बघणाऱ्यांचं तिकडे लक्ष नसतं. वाजवणाऱ्याचं मात्र एक डोळा ठेवून असतं.

त्या खोक्याचं नाव अ‍ॅम्प्लिफायर. बरेच जण नुसतं ‘मशीन’ म्हणतात. आज त्या मशीनवर नाव कुणाचं असतं आणि ते तिथे कसं आलेलं असतं, याच्या गप्पा मारू या.

आजच का? तर खोपोलीजवळच्या एका वाचकमित्राचं पत्र आलंय. दहावीच्या सुट्टीत मामाने त्याला इलेक्ट्रिक गिटार दिली. (सर्वांना असे मामा मिळोत!) आता तिला अ‍ॅम्प्लिफायर हवा. साठवलेले पैसे थोडे, बाबा भर घालणार. पण गाडी अडलीय ती नावावर. कर्जतचा मित्र म्हणतो, “मार्शल घे, बाकी सगळे डबे.” बाबा म्हणतात, “आपल्या मंडळाचं अहुजाचं मशीन किती वर्षं बिनतक्रार चाललंय, तेच घेऊ. भजनालाही होईल.” आणि दुकानदाराने तिसरंच काहीतरी वाजवून दाखवलं, ते सगळ्यांत भारी वाटलं. मित्र लिहितो, “घरात दोन दिवस यावरून अबोला आहे. कोण बरोबर ते सांगा.”

सांगतो. पण आधी थोडं खोक्याच्या आत डोकावू. झाकण न उघडता, बरं का! जुन्या पद्धतीच्या गिटार अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शेकडो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ आत दबा धरून बसतात.

बेंजोपासूनच सुरुवात करू. हे मोठं गमतीचं वाद्य आहे. नाव अमेरिकेचं, जन्म जपानचा आणि नाच आपला! अमेरिकेतला बँजो गोल, चामडं ताणलेला. आपला बेंजो लांबट, तारांवर टाइपरायटरसारखी बटणं असलेला. त्याचा पूर्वज ‘ताइशोगोतो’. तो १९१२ च्या सुमारास जपानमधल्या नागोया शहरात मोरिता गोरो यांनी तयार केला. भारतात आल्यावर तो ‘बुलबुलतरंग’ झाला आणि मुंबई-कोकणात बेंजो झाला. २०१६ मध्ये रवी जाधव यांनी याच नावाचा हिंदी चित्रपटही काढला.

आता बुलबुलाचा आवाज तो केवढा! खोलीत गोड लागतो, पण समोर ढोल-ताशा सुरू झाला की संपला. म्हणून तारांजवळ पिकअप बसवतात. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याच्याभोवती बारीक तारेची गुंडाळी. वाद्याची तार चुंबकाजवळ थरथरली की गुंडाळीत इवलासा विद्युतप्रवाह तयार होतो, एका व्होल्टच्याही आतला. इलेक्ट्रिक गिटारमध्येही हेच. एवढ्याशा विजेने कर्णा काय हलणार? तिला बळ द्यायचं काम मशीनचं.

मग जास्त वॉटचं मशीन म्हणजे जास्त चांगलं, हो ना? थांबा. १५ वॉटच्या जागी ३० वॉटचं आणलं तर आवाज दुप्पट होतो का? नाही! फरक पडतो फक्त ३ डेसिबलचा, कानाला थोडासा मोठा वाटेल इतकाच. कानाला ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे वॉट दहापट हवेत. पंधराचे थेट दीडशे! दुकानात गेल्यावर हा हिशेब आठवा. उलट साध्या स्पीकरच्या जागी कर्णा लावला, तर त्याच मशीनचा आवाज कितीतरी लांब जातो. साध्या स्पीकरमध्ये शंभरातले एक-दोन भागच आवाज होतात, बाकीची नुसती उष्णता. कर्ण्यात हे प्रमाण कितीतरी पटींनी बरं. शेताच्या पलीकडच्या मित्राला हाक मारताना तुम्ही तोंडाभोवती दोन्ही हात धरता ना? तोच हा कर्णा.

आता नावाकडे येऊ. आपल्याकडच्या मंडपांत, देवळांत, शाळेच्या स्नेहसंमेलनात आणि बेंजोच्या गाड्यांवर पुन्हा पुन्हा दिसणारं नाव अहुजा. ही दिल्लीची कंपनी, १९४० पासूनची. एखाद्या जुन्या बेंजोवाल्या काकांना विचारून बघा, “हेच का?” “आवाज मधुर आहे म्हणून” असं उत्तर येण्याची शक्यता कमी. बहुतेक ते म्हणतील, “दगा देत नाही.”

या ‘दगा देत नाही’मध्ये बरंच काही दडलंय. आपल्या तालुक्यांचंच बघा. खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ साली. सह्याद्रीचं पाणी पाइपांतून खाली आलं, वीज झाली, आणि तारांवरून मुंबईच्या गिरण्यांकडे गेली! त्या तारांखालच्या कितीतरी वाड्यावस्त्यांत दिवा लागायला पुढे अनेक वर्षं जावी लागली. वीज आली तरी ऐन पावसाळ्यात, गणपतीत, ती कधी जाईल याचा नेम नव्हता. अशा ठिकाणी मशीन कुठलं टिकणार? घरच्या विजेवरही चालेल आणि ती गेली की १२ व्होल्टच्या गाडीच्या बॅटरीवरही चालेल, असं. अहुजाची अनेक मॉडेल्स तशी आहेत. हातगाडीवर बॅटरी ठेवली की वरात निघाली.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. समजा, हळदीच्या रात्री नऊ वाजता कर्ण्यातलं युनिट जळालं. आपलं मशीन आणि शेजारच्या गावातल्या पार्टीचं मशीन एकाच नावाचं असेल, तर मोटारसायकलवरून जाऊन त्यांच्याकडचं आणता येतं. गावातल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याने ते पन्नासदा उघडलेलं असतं, त्यामुळे कुठली तार कुठे जाते ते त्याला पाठ असतं. काही नाहीच मिळालं, तर सकाळची कर्जत लोकल धरायची, दादरला गाडी बदलायची, ग्रँट रोडला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोड गाठायचा. तिथे या खोक्याचा सुटा भाग मिळतो. परदेशी, देखण्या खोक्याचा मिळेलच असं नाही. मग ते कितीही गोड वाजो, नवरदेव मांडवात आणि आपण गप्प, असं झालं तर पुढची सुपारी कोण देईल?

म्हणजे बेंजोवाल्या काकांची निष्ठा कानाशी कमी आणि रात्रीच्या नऊ वाजताच्या भीतीशी जास्त आहे. मला ती अगदी शहाणपणाची वाटते.

पण सगळ्याच निष्ठा अशा नसतात. तुमच्या आजी-आजोबांना ‘शिकागो रेडिओ’ हे नाव विचारा. सिंधमध्ये सुरू होऊन पुढे मुंबईत आलेली मोटवाने कुटुंबाची ही कंपनी. स्वातंत्र्यलढ्यातल्या सभांना तिचे ध्वनिक्षेपक असत. गांधीजींचे, नेहरूंचे भाषण करतानाचे जुने फोटो नीट बघा. मायक्रोफोनवर एक पट्टी दिसते, तिच्यावर इंग्रजीत ‘शिकागो रेडिओ’. वर्तमानपत्रात फोटो छापून आला की नेत्याच्या तोंडासमोर हे नाव! यापेक्षा मोठी जाहिरात कुठली? पण कंपनीने नुसती पट्टीच लावली असंही नाही. १९४२ च्या आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालवला होता, आठवतं? त्या खटल्यात आरोपींमध्ये या कंपनीचे नानक मोटवानेही होते. ते पुढे निर्दोष सुटले. तर अशा रीतीने लोकांनी नाव आधी डोळ्यांनी पाहिलं आणि मग कानांनी मानलं. ‘एवढ्या मोठ्या माणसासमोर हेच असतं, म्हणजे चांगलंच असणार!’

कर्जतच्या मित्राचं मार्शल याच वाटेने आलंय. कुठल्यातरी गिटारवाल्याच्या फोटोत, त्याच्या पाठीमागे काळ्या खोक्यांची भिंत आणि खोक्यांवर वळणदार पांढरी अक्षरं. झालं, मनात बसलं! एक गुपित सांगू? मोठ्या बँडच्या मागच्या अशा भिंतींमधली काही खोकी चक्क रिकामी असायची. शोभेपुरती!

मार्शलची खरी गोष्ट मात्र फार मजेची आहे. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल नावाचे गृहस्थ ड्रम शिकवत आणि वाद्यांचं दुकान चालवत. ड्रमवाल्यांबरोबर गिटारवाली पोरंही दुकानात यायची आणि कुरकुरायची की अमेरिकेचा फेंडर अ‍ॅम्प्लिफायर हवा, पण तो आयात केलेला, खिशाला परवडत नाही. तेव्हा १९६२ मध्ये जिम, त्यांच्याकडचा दुरुस्ती करणारा केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन नावाचा तरुण यांनी फेंडरचं ‘बेसमन’ हे मॉडेल समोर ठेवून तसाच एक बनवला. म्हणजे आज ज्याच्या नावाने पोरं जीव टाकतात, तो मुळात महागड्या परदेशी वस्तूची गावठी नक्कल होता!

नक्कल हुबेहूब झाली का? नाही, आणि तीच तर गंमत. अमेरिकेतले सुटे भाग लंडनात सहज मिळेनात, म्हणून इंग्लंडमधले मिळाले ते घातले. स्पीकर ‘सेलेस्टियन’चे बसवले, तेही चार, आणि मागून बंद असलेल्या खोक्यात. आवाज वेगळाच झाला. जास्त जाडा, जास्त दांडगा. पोरांना तो फेंडरपेक्षा आवडला! पुढे जिमी हेंड्रिक्स नावाचा अफाट गिटारवादक अमेरिकेतून लंडनला आला, तोही याच खोक्याच्या प्रेमात पडला. त्याचं पूर्ण नाव जेम्स मार्शल हेंड्रिक्स आणि दुकानदाराचं जेम्स मार्शल. आता बोला!

आणि ज्यांची नक्कल झाली ते लिओ फेंडर? ते कॅलिफोर्नियातले रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. वाजवणारे येऊन सांगायचे, हे ऐकायचे आणि पुन्हा सोल्डरिंगला बसायचे.

इथे एक शब्द समजून घेऊ, नाहीतर पुढचं कळणार नाही. या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये काचेचे व्हॉल्व्ह असत, आजोबांच्या मोठ्या रेडिओत लाल-नारिंगी पेटायचे तसे. मशीनला झेपेल त्याहून जास्त आवाज मागितला की आवाजाच्या लाटेचे शेंडे कापले जातात आणि सूर ‘फाटतो’. भाषणात फाटलेला आवाज नकोसा वाटतो. पण व्हॉल्व्ह ते शेंडे हळूहळू, गोलसर कापतात, त्यामुळे गिटारचा सूर फाटूनही भरलेला, खरखरीत-गोड लागतो. नंतर आलेले साधे ट्रान्झिस्टर तेच काम कात्रीने कापल्यासारखं झटकन करतात. म्हणून गिटारवाले अजून व्हॉल्व्हसाठी हळहळतात. एकाच दोषाचं एकाकडे भूषण आणि दुसऱ्याकडे तक्रार!

आता आपल्या महाराष्ट्रातून एक फेरी. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत फारूख बलसारा नावाचा मुलगा वसतिगृहात राहून शिकत होता. झांझिबारमध्ये जन्मलेला. शाळेतल्या दोस्तांबरोबर त्याने ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड केला होता. हाच पुढे ‘क्वीन’ या जगप्रसिद्ध बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी झाला. त्या बँडमधला गिटारवादक ब्रायन मे. निष्ठा बघायची तर याची बघा.

ब्रायनने शाळकरी वयात वडिलांबरोबर स्वतःची गिटार घरीच बनवली, मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची. तरुणपणी लंडनच्या मार्की क्लबमध्ये तो रोरी गॅलघर या गिटारवादकाला ऐकायला जायचा. तो सूर त्याला इतका आवडला की एकदा कार्यक्रम संपल्यावर त्याने सरळ जाऊन विचारलं, हा आवाज काढतोस कसा? रोरीने मोकळेपणाने सांगितलं की व्हॉक्स कंपनीचा एसी-३० अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याच्याआधी वरचे सूर उठवणारी एक छोटी डबी. ब्रायनने जुने एसी-३० मिळवले, आपली गिटार लावली आणि त्याला हवा होता तो सूर सापडला. तेव्हापासून पन्नासहून जास्त वर्षं झाली, तो एसी-३० वरच आहे! बीटल्सही हेच व्हॉक्स वाजवत, पण ब्रायनने बीटल्सचा फोटो बघून घेतलं नाही. ज्याचा सूर कानाला भिडला त्याला विचारून घेतलं. मला हा फरक मोठा वाटतो.

तुम्ही म्हणाल, पन्नास वर्षं एकच खोकं म्हणजे हट्टीपणाच की! पण त्यात हाताचाही भाग आहे. ब्रायन मशीनचा आवाज पूर्ण चढवून ठेवतो आणि गिटारवरचं बटण कमी-जास्त करून सूर कधी स्वच्छ, कधी फाटका करतो. बटण किती फिरवलं की सूर कुठे फुटतो हे त्याच्या बोटांना पाठ झालंय. खोकं बदललं तर बोटं पुन्हा पहिलीत. भजनातल्या पेटीवाल्या बुवांना विचारा. कुणी जर्मन सुरांच्या पेटीशिवाय हात लावत नाही, कुणाला पालिताणाच्या सुरांचीच सवय. दुसरी पेटी समोर आली की बुवा भाता मारून बघतात, नाक मुरडतात आणि मग वाजवतात.

आणि याच ब्रायन मेची दुसरी बाजू ऐका. क्वीनमधला त्याचा मित्र जॉन डीकन याला १९७२ च्या सुमारास रस्त्याकडेच्या कचऱ्याच्या पेटीत एक सर्किटचा तुकडा मिळाला. त्याने तो घरी आणला, एका लहान स्पीकरच्या खोक्यात बसवला आणि ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवला. ना कंपनी, ना नाव. ब्रायनने त्याला गिटार जोडली तर असा काही सूर निघाला की क्वीनच्या कितीतरी ध्वनिमुद्रणांत, व्हायोलिन-सनईसारखे वाटणारे गिटारचे थर त्याने या खोक्यावर वाजवले. कितीतरी वर्षांनी शोध लागला की तो तुकडा एका स्वस्त पोर्टेबल रेडिओतला होता! कानाला पटलं, मग नाव नसलेलंही चाललं.

मग प्रश्न असा की नाव दिसलंच नाही तर कान काय म्हणतील? हा प्रयोग गिटारपेक्षा कितीतरी महाग वाद्यावर झालेला आहे, व्हायोलिनवर. इटलीच्या स्ट्रॅडिव्हरीने तीनशे वर्षांपूर्वी केलेली व्हायोलिनं आज कोट्यवधी रुपयांना जातात. त्यांच्यासारखा सूर नव्यात येणे नाही, असं वाजवणारे शपथेवर सांगत. क्लॉडिया फ्रिट्झ या शास्त्रज्ञ आणि जोसेफ कर्टिन हे व्हायोलिन बनवणारे यांनी २०१० मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसला २१ वादक जमवले. हॉटेलची खोली, मंद उजेड, वादकांच्या डोळ्यांवर वेल्डिंगवाल्यांचे काळे चष्मे. जुन्या लाकडाचा वास ओळखू येऊ नये म्हणून व्हायोलिनच्या हनुवटी टेकायच्या जागी सुगंधाचा थेंबही लावला होता! सहा व्हायोलिनं होती, तीन जुनी आणि तीन नवी. वाजवून बघा आणि घरी न्यायला एक निवडा. २१ पैकी फक्त ८ जणांनी जुनं निवडलं. सर्वांत नावडतं कोणतं ठरलं? स्ट्रॅडिव्हरीचंच एक.

हा निष्कर्ष २०१२ मध्ये छापून आल्यावर बरेच वादक रागावले. हॉटेलच्या खोलीत काय कळतं, म्हणाले. आक्षेप अगदीच चुकीचा नव्हता. तेव्हा त्याच मंडळींनी पॅरिसजवळ १० नामांकित एकलवादकांना घेऊन, या वेळी सभागृहातही, पुन्हा प्रयोग केला. तिथेही नव्या व्हायोलिनांनी बाजी मारली.

बरं, आता दुकानदाराचं तिसरं मशीन. मित्रा, ते ‘सगळ्यांत भारी’ का वाटलं असेल? माझा अंदाज सांगतो. ते किंचित मोठ्याने लावलेलं असणार. दोन सारख्याच आवाजांतला एक जरासा मोठा असेल, तर आपला कान ‘मोठा’ असं म्हणत नाही, ‘चांगला’ असं म्हणतो. फसवण्याचा हेतू नसेलही, पण तुलना करताना दोन्ही मशीनचा आवाज आधी सारखा करायचा. नाहीतर ती तुलनाच नव्हे.

आता अबोला सोडवू. बाबांना सांग, तुमचं मशीन बेंजोला, भाषणाला, भजनाला उत्तम. पण गिटारच्या फाटक्या सुराला नाही, आणि त्याचं कारण नाव नाही, घडण आहे. लाऊडस्पीकरचं मशीन आत आलेलं जसंच्या तसं बाहेर सोडण्यासाठी बनवतात, आणि कर्णा तर वरचे टोकदार सूर पुढे फेकतो. बेंजोला तो किणकिणाट हवाच असतो. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरचा मोठा स्पीकर मात्र साधारण ५ हजार हर्ट्झच्या वरचं बरंचसं गिळून टाकतो. फाटलेल्या सुरातली कर्कश किरकिर नेमकी तिथेच असते. म्हणून तोच सूर गिटारच्या खोक्यातून भारदस्त वाटतो आणि कर्ण्यातून डब्यात अडकलेल्या माशीसारखा. खरं वाटत नसेल तर मंडळाचं मशीन मोकळं असेल तेव्हा, मोठ्यांना विचारून, गिटार लावून ऐका दोघेही. स्वच्छ सूर बरा लागेल, फाटका नाही. कर्ण्याच्या तोंडासमोर उभं राहू नका, कान एकदाच मिळतात. आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला २००० सालच्या नियमांनुसार बंदी आहे. ही मंडळाला आठवण.

कर्जतच्या मित्राला सांग, मार्शल वाईट नाही. पण फोटोत दिसते ती भिंत वेगळी आणि आपल्याला परवडणारं तेच नाव लावलेलं लहान खोकं वेगळं. नाव एकच असलं म्हणून आतलं सामान एकच नसतं. घरी सरावाला १०-१५ वॉट भरपूर होतात, त्याहून मोठं घेतलं तर ते कायम बटण एकवर ठेवूनच वाजवावं लागेल. हल्ली एकाच खोक्यात अनेक जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या सुरांची नक्कल करणारी डिजिटल मशीनंही मिळतात. त्यातली मजा बघा, पुष्कळदा बटणांवर कंपन्यांची नावं लिहीत नाहीत. नुसतं ‘ब्रिटिश’, ‘अमेरिकन’ असं काहीतरी लिहितात, कारण नाव दुसऱ्याच्या मालकीचं असतं. पण वाजवणारा बरोबर ओळखतो! शिकणाऱ्याला हे मशीन वाईट नाही, दहा सूर ऐकून आपल्याला कुठला हवा ते तरी कळतं. फक्त घेण्याआधी विचार की बिघडलं तर खोपोलीत-कर्जतमध्ये उघडणारं कुणी आहे का, की दर वेळी मुंबई. बेंजोवाल्या काकांचा हा प्रश्न गिटारलाही लागू आहे. जुनं चांगलं मिळालं तर जुनं घे, आणि उरलेल्या पैशांत तारांचे दोन जोड. तारा तुटतातच.

आणि खरेदीला जाताना बाबांना बरोबर ने. ते खोक्याकडे पाठ करून ऐकतील, नावं त्यांना पाठ नाहीत. दुकानातला सर्वांत प्रामाणिक कान त्यांचाच असेल.

इतर दोस्तांसाठीही काम आहे. गिटार नसली तरी चालेल. घरात, शेजारी मिळून दोन रेडिओ किंवा दोन स्पीकर जमवा. कुठला चांगला वाजतो याचा अंदाज आधी कागदावर लिहून ठेवा, नाव बघून. मग दोन्हींवर एकच गाणं, आवाज सारखा करून, चादरीआड वाजवा. एकाने चादरीमागे बसायचं आणि नाणं उडवून कुठला लावायचा ते ठरवायचं, म्हणजे त्याची खोडी चालणार नाही. बाकीच्यांनी दहा वेळा ऐकून ‘पहिला’ की ‘दुसरा’ ते लिहायचं. आईबाबा आणि आजीलाही बसवा. आधीचा कागद आणि नंतरचा कागद जुळतो का ते मला कळवा. गावातल्या देवळात किंवा मंडळाकडे एखादं फार जुनं मशीन असेल, तर त्याच्यावरचं नावही लिहून पाठवा आणि ते कुणी, का घेतलं तेही विचारून घ्या.

आणि हो, चादर पातळ घ्या. गोधडी नको. गोधडीआड कुठलंही मशीन घसा बसल्यासारखंच वाजेल.